सागाच्या पानाआडचे तारे

गेली दोन वर्षे माझी झोप पहाटे तीनच्या सुमारास मोडते आणि मग काही केल्या लागत नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही निघाले नाही. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसायला सांगितले. मी सहा महिने बसून पाहिले, पण डोळे मिटले की माझ्या आत बाजार भरतो. दुधाच्या हिशेबापासून वीस वर्षांपूर्वी कोणी काय बोलले होते इथपर्यंत सगळी गिऱ्हाइके एकाच वेळी येऊन उभी राहतात. माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना सारे घर ताई म्हणते, नागपूरला असतात. तीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. फोनवर माझे रडगाणे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मग डोळे मिटतेसच कशाला? उघडे ठेवून बस. पौषातल्या अमावास्येला इकडे ये, तुला पेंचला नेते."

पेंच म्हणजे वाघ, एवढेच मला ठाऊक होते. नागपूर जिल्ह्यातील या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने 'डार्क स्काय पार्क', म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाचे ठिकाण, म्हणून मान्यता दिली. तसा मान मिळवणारे ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे ठिकाण ठरले, ही माहिती ताईंकडून कळली. यंदाची पौष अमावास्या 18 जानेवारीला, रविवारी होती. तिच्या आधीच्या दोन रात्री धरून आम्ही तीन रात्रींचा बेत केला.

पहिला दिवस, शुक्रवार

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी नागपूरला पोहोचली. स्टेशनजवळ तर्री-पोहे खाल्ले, संत्र्यांची एक पिशवी घेतली आणि जबलपूर महामार्गाला लागलो. सिल्लारीपर्यंत सुमारे 70 किलोमीटरचे अंतर आहे. मनसरच्या सुमारास उजव्या हाताला रामटेकचा गड दिसतो. पुढे जंगल सुरू झाले की महामार्ग खांबांवर उचललेला आढळतो. वन्यप्राण्यांना खालून ये-जा करता यावी म्हणून ही सोय केलेली आहे, त्यामुळे आपण वरून जात असताना खालून कोण जात असेल याचा विचार मनात येतोच.

आमचा मुक्काम बफर क्षेत्रातील, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील एका गावात, एका गोंड कुटुंबाच्या घरी होता. उतरताक्षणी ताईंनी मला सामानाआधी रस्त्यावरचा दिवा दाखवला. या भागातील वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले आहेत. दिवा साधाच, पण वरून झाकलेला. उजेड माणसाच्या पायाशी पडतो आणि तिथेच राहतो. एवढी साधी गोष्ट आमच्या सोसायटीला आजवर सुचलेली नाही.

सहाच्या आधीच सूर्य मावळला आणि सात-सव्वासातला पूर्ण काळोख झाला. गावातला एक तरुण गाइड आम्हांला अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. त्याच्या विजेरीच्या काचेवर दोन दिवसांपूर्वीच्या संक्रांतीतून उरलेला तांबडा पतंगाचा कागद दोऱ्याने बांधलेला होता. मी वर पाहिले आणि खरे सांगायचे तर थोडी निराश झाले. तारे पुण्यापेक्षा जास्त होते, पण छायाचित्रांत असते तसे काही दिसेना. माझा चेहरा त्याला अंधारात दिसला नसणार, पण सुस्कारा ऐकू गेला असावा. तो म्हणाला, "थांबा जी बाई, घाई कायची हाय? अंधार डोयात मुरू द्या, लोनच्यावानी."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. डोळ्यातील शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात. त्या काळोखाला आठ-दहा मिनिटांत सरावतात, पण त्यांची धाव तेवढीच असते. मंद प्रकाश पाहणाऱ्या दंडपेशींमधील ऱ्होडोप्सिन नावाचे द्रव्य उजेडात विरते आणि काळोखातच पुन्हा साठते. त्याला वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो, पूर्ण साठायला त्याहूनही अधिक. लाल प्रकाशाने ते फारसे विरत नाही, म्हणून पतंगाचा कागद. या अर्ध्या तासात आपण करण्यासारखे काहीच नसते. बसून राहायचे. मला वीस मिनिटे बसणे सहा महिने जमले नव्हते, ते इथे जमले, कारण इथे बसण्याला काम होते. दर दोन मिनिटांनी पाहावे तर कृत्तिकांच्या पुंजक्यात एखादी भर पडलेली असे. आरंभी मला पाच तारका मोजता आल्या, मग सहा, आणि पाऊण तासाने आठ. नववीबद्दल ताईंचा आणि माझा मतभेद अजून मिटलेला नाही.

नंतर गाइडने वायव्येकडे शर्मिष्ठा तारकासमूहाच्या डावीकडे देवयानीची दीर्घिका दाखवली. मी रोखून पाहिले तर तिथे काहीच नव्हते. "तिच्याकडे पाहू नकोस, तिच्या शेजारी पाहा," ताई म्हणाल्या. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतात, त्या सभोवती असतात, म्हणून अंधुक वस्तू तिरक्या नजरेलाच सापडते. शेजारच्या ताऱ्याकडे नजर ठेवली आणि कडेला एक लांबट, धुरकट ठिपका उमटला. मोहाने नजर तिकडे वळवली की तो नाहीसा. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ती वस्तू मी दहा-बारा वेळा अशी हरवली आणि पुन्हा मिळवली, आणि तेवढा वेळ बाजारातले एकही गिऱ्हाईक आले नाही, हे मला जेवायला बसल्यावर ध्यानात आले.

जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि सोल्यांची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे. भाजी चांगलीच तिखट होती आणि बाहेर पारा दहाच्या आसपास असल्याने ते तिखट उपकारक ठरले.

रात्री अकरा वाजता घरातले काकाजी, म्हणजे यजमानांचे वडील, शेकोटी सोडून आमच्यापाशी आले. अंगणात आमच्यासाठी दोन बाजा टाकलेल्या होत्या. ईशान्येला झाडांच्या वर सप्तर्षींचा चौकोन आला होता. त्याकडे बोट करून ते म्हणाले, "ते म्हातारीची बाज हाय. तीन चोर न्यायले आले." शेपटीचे तीन तारे म्हणजे चोर. त्या वेळी ते चोर अजून झाडीतच होते, वर आलेली होती नुसती बाज. ताईंनी विचारले, "आणि म्हातारी कुठे आहे?" काकाजी थोडे थांबून म्हणाले, "ते झोपली नसंन जी. म्हनून तं बाज अजून तिथंच हाय." मला त्या म्हातारीविषयी एकदम आपलेपणा वाटला.

जाणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवते. कानटोपी, मोजे आणि जाड सतरंजी घ्यावी. दव पडते, म्हणून वरून घ्यायला घोंगडी किंवा रेनकोटसुद्धा चालतो. अंधार झाल्यावर गावाबाहेरच्या रस्त्याने एकट्याने मुळीच फिरू नये. हे वाघ-बिबट्यांचे जंगल आहे आणि निरीक्षणासाठी ठरवून दिलेल्या जागा आहेत. मोठी दुर्बीण नसली तरी काही अडत नाही. घरात 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री असेल तर ती पुरे.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी धुके होते. काकाजींच्या सुनेने अंगणात चूल पेटवून तिच्याभोवती आम्हांला बसवले आणि उरलेल्या सोल्यांचा भात केला. काकाजींना मी मृग दाखवायला सांगितले, म्हणजे दिवसाउजेडी जमिनीवर काडीने काढून. आपण ज्याला मृग म्हणतो, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण म्हणजे आपले तिकांडे. ऐतरेय ब्राह्मणात त्रिकांड बाणाची जी कथा आहे, तिच्याशी हे नाव जाऊन पोहोचते. काकाजींनी मात्र तेच तारे घेऊन नांगर काढला. हरिण नाही, शिकारी नाही, शेतात उभा असलेला नांगर. आकाशगंगा ही त्यांच्या लेखी जनावरांची वाट. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांचे हे आकाश गावोगाव फिरून नोंदवले आणि 2013 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ताईंनी तो वाचलेला असल्याने त्या काकाजींना नेमके प्रश्न विचारत होत्या आणि काकाजी परीक्षेला बसल्यासारखे न वाटता उत्तरे देत होते.

आपलाही मोबदला द्यावा म्हणून मी त्यांना सांगितले की रोहिणीचा तारा 65 प्रकाशवर्षांवर आहे, तेव्हा आज रात्री दिसेल तो त्याचा प्रकाश साधारण तुमच्या जन्माच्या सुमारास निघालेला असेल. त्यांनी ते नीट ऐकून घेतले. "मंग लई दमला असंन जी," एवढेच म्हणाले आणि शेंगा सोलू लागले.

ती रात्र मात्र फसली, आणि त्यात माझाही वाटा होता. संध्याकाळपासून पश्चिमेकडून पातळ ढग येत होते. ते एक वेळ सोसले असते, पण शनिवार असल्याने काही अंतरावरच्या एका विश्रामस्थळी कसला तरी समारंभ होता आणि तिथला एक फिरता, आकाशाकडे रोखलेला दिवा त्या ढगांवर चकरा मारत होता. जिथे गावाने आपल्या दारातले दिवे खाली वळवले, तिथे दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी हा दिवा वर वळलेला होता. मी चिडले. गाइड चिडला नाही. तो म्हणाला की दहा वाजता बंद होईल, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तो खरोखर बंद झाला.

साडेदहाला ढगांत फट पडली. नेमक्या त्याच वेळी खिशातला फोन थरथरला आणि मी सवयीने तो काढून पाहिला. बँकेचा कसला तरी संदेश होता. मान वर केली तर आकाश कोळशासारखे काळे, एकही तारा नाही. अडीच तास मुरवलेला अंधार एका संदेशात सांडला होता. "आता अर्धा तास," ताईंनी निकाल दिला. तो अर्धा तास संपण्याआधी ढग परत आले. रागावून झोपले आणि तीनला जागी झाले, नेहमीसारखी. बाहेर रातवा पक्ष्याची चक-चक चालू होती आणि मध्येच चितळाने दोन-तीनदा धोक्याची हाक दिली. मी अंथरुणात पडून ते ऐकत होते. झोप पाचच्या सुमारास लागली असावी.

फोन घरात, तोही बंद करून ठेवावा, हा सल्ला मी माझ्या खर्चाने देत आहे.

तिसरा दिवस, रविवार

दिवसाचे फारसे सांगण्यासारखे नाही. दुपारी मी चक्क दोन तास झोपले. रविवारची गर्दी चार वाजेपर्यंत परतली आणि गाव पुन्हा गावाएवढे झाले. ही अमावास्या मौनी अमावास्या म्हणून पाळतात, म्हणून ताईंनी रात्री आठनंतर बोलायचे नाही असा नियम काढला. तीस वर्षे वर्गात बोललेल्या बाईंना तो किती पेलेल याची मला शंका होती. पण त्यांनी पाळला, एक अपवाद वगळता.

आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. शनी पश्चिमेला उतरत होता, मिथुनेत पुनर्वसूच्या जोडीपाशी गुरू झगझगत होता आणि मृग चढत होता. दक्षिणेला क्षितिजालगत नागपूरच्या दिव्यांची फिकट उजळण दिसते, हे लपवण्यात अर्थ नाही. पावणेअकराच्या सुमारास अगस्तीचा तारा त्या उजळणीच्या वर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीच्या उंचीवर दिसला. उत्तरेला ध्रुव दोन मुठींच्या थोडा वर असतो. मूठ म्हणजे दहा अंश, आणि ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. ताईंचा हा आवडता धडा त्यांनी त्या रात्री खुणांनीच दिला. हिवाळ्यात दिसणारा आकाशगंगेचा पट्टा फिका असतो. छायाचित्रांतला दाट, उजळ भाग पाहायचा असेल तर फेब्रुवारीपासून पहाटे उठावे किंवा एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर जागावे. पावसाळ्यात अर्थातच जाण्यात हशील नाही.

माझी बाज अंगणातल्या सागाखाली होती. पहिल्या रात्रीच मला एक खेळ सापडला होता, त्याचे आता सांगते. डोक्यावर पाचेक मीटर उंचीवर सागाचे एक मोठे, वाळत आलेले पान एकटेच आडवे पसरले होते. मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे, ज्यांना आपण उषा, अनिरुद्ध आणि चित्रलेखा म्हणतो, त्या पानाच्या कडेकडे सरकत होते. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते, म्हणजे दोन मिनिटांत पूर्णचंद्राच्या रुंदीएवढे. हे शाळेत शिकले होते, पण ते सरकताना पाहिलेले नव्हते. पानाची कड असली की ते दिसते.

अडचण अशी की दोन्ही डोळ्यांनी पाहिले तर तारा एका डोळ्याला पानाआड आणि दुसऱ्याला बाहेर असतो. एक डोळा मिटावा लागतो. पण त्याहून मोठी अडचण मानेची. मान बोटभर हलली की पानाआड गेलेला तारा पुन्हा बाहेर येतो आणि सगळा हिशेब विस्कटतो. खांदा आखडला, नाक खाजले, आवंढा गिळला तरी तारा हलतो, म्हणजे हलतो आपण. पहिल्या रात्री मी तारा आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंतचे श्वास मोजायला घेतले होते. तीन वेळा मोजणी चुकली, दोन वेळा तारा चुकला, आणि शेवटी थंडीने उठून गेले.

रविवारी बाज त्याच जागी होती. तिचे पाय मी दोन दिवस कोणाला हलवू दिले नव्हते. पश्चिमेकडचा तारा आधी कडेशी आला. तो फटकन विझत नाही. आठ-दहा सेकंद मंदावत जातो, एकदा लुकलुकतो आणि मग पानच उरते. साधारण चार-साडेचार मिनिटांनी मधला गेला, तेवढ्याच वेळाने तिसरा. मी फक्त पहिल्याचे श्वास मोजत होते. शंभरानंतर आकडे आपोआप पुढे जाऊ लागले. पानाची एक शीर मला दिसू लागली, म्हणजे पानापेक्षा थोडी अधिक काळी रेघ, जी पहिल्या रात्री दिसली नव्हती. दूर कुठे पिंगळा भांडत होता. दुधाचा हिशेब एकदा दाराशी येऊन गेला, मी त्याला बस म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. एकशे बावन्नाव्या श्वासाला पानाच्या दुसऱ्या कडेला एक मळका ठिपका आला आणि उजळत उजळत तारा झाला.

"आला!" ताई शेजारच्या बाजेवरून म्हणाल्या. हाच तो अपवाद. त्यांच्या जागेवरून त्यांचे पान निराळे, म्हणजे त्या कोणत्या ताऱ्याविषयी बोलत होत्या कोण जाणे, पण मी काही विचारले नाही. श्वासांच्या त्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळते. मोजणी एकदाही चुकली नाही, याचे मला अधिक वाटले.

बारानंतर गुरू जवळजवळ डोक्यावर आला. मी केव्हा झोपले ते आठवत नाही.

चौथा दिवस, सोमवार

साडेचारला गाइडने हाक मारून उठवले, म्हणजे तीनची माझी जाग त्या रात्री आलीच नव्हती. आग्नेयेला वृश्चिक वर आला होता, त्याच्या काळजातली तांबूस ज्येष्ठा झाडांच्या शेंड्यांवर, आणि तिच्या डाव्या हाताला जनावरांच्या वाटेचा उजळ भाग जंगलातून नुकताच निघत होता. म्हातारीची बाज आता उत्तरेला उंच गेली होती आणि तिन्ही चोर तिच्या मागोमाग वर आले होते. काकाजी शेकोटीकडे पाठ करून उभे होते, डोळे बिघडू नयेत म्हणून. साडेपाचनंतर पूर्वेला राखाडी झाली आणि आम्ही चहा घेतला. निघताना सूनबाईंनी तुरीच्या शेंगांची पुरचुंडी दिली आणि ती पुण्यापर्यंत पोहोचली.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रात्री साडेआठला आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीवरचा दिवा डोळ्यांत येत होता, म्हणून राखणदारांना वर बोलावून तो अर्धा तास बंद ठेवता येईल का असे विचारले. ते बीडकडचे आहेत. त्यांनी कशाला म्हणून विचारले नाही, दिवा बंद केला आणि खाली जायच्याऐवजी तिथेच कठड्याला टेकून उभे राहिले. कृत्तिका चार दिसत होत्या. बऱ्याच वेळाने ते टाकीच्या वर पाहत म्हणाले, "तिकांडं हाय न्हवं ते? आमचा आजा त्याच्यावरनं रातच्या पाण्याची पाळी धरायचा."